मासे आणण्याआधीच्या महिन्याबद्दल, वरच्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

हे सगळं एक जिना चढून सांगता आलं असतं. पण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार ना" म्हणून विषय बदलता. शिवाय पोरांच्या हट्टापायी काचेची टाकी आणून बसलेली घरं बडोद्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याही कानावर पडावं म्हणून चारचौघांत लिहितेय.

उत्तरायण आटोपलं, गच्चीवरचा मांजा गोळा झाला आणि आमच्या चिरंजीवांनी माशांचा धोशा लावला. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशी टाकी आली. दुकानदाराचं म्हणणं, पाणी भरा, या निळ्या औषधाचे दोन थेंब टाका आणि मासे आजच न्या. तुम्ही जिन्यात भेटलात. टाकीकडे बघून पहिला प्रश्न केलात, "ठेवणार कशावर?" जवळजवळ ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, वर काच आणि वाळू वेगळीच. आमचं टीव्हीचं टेबल तुम्ही एका हातानं हलवून दाखवलंत, तिथेच ते बाद झालं. मग लोखंडी स्टँड, त्यावर प्लाय, प्लायवर थर्माकोल. घरातून पाणसळ आणून चारी बाजू तपासायला लावल्यात ते वेगळं.

जन्मभर गावाच्या पाण्यात क्लोरीन घालणारा माणूस तो काढायचा कसा हे शिकवायला बसला, याची मला अजून मौज वाटते. तुमची ती पाणीपुरवठा खात्यातली काचनळी, तिच्यावरची पांढरी रेघ आता पुसट झालीय. त्या रेघेपर्यंत नळाचं पाणी, वर ऑर्थोटोलिडिन या क्लोरीन ओळखणाऱ्या द्रावणाचे थेंब, बूच लावून एकदा उलटी केली आणि खिडकीशी धरली. पाणी फिकट पिवळं झालं. "पिवळं झालं म्हणजे आपल्या पोटाला चांगलं, माशाच्या कल्ल्यांना वाईट," तुम्ही म्हणालात. पिण्याच्या पाण्यात, अगदी शेवटच्या नळापर्यंत, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा. तेवढाही माशाला सोसत नाही. म्हणून पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवायचं, नाहीतर हायपो, म्हणजे फोटो धुणारे वापरायचे ते सोडियम थायोसल्फेट, चिमटीनं टाकायचं. दुसऱ्या दिवशी तीच नळी पुन्हा खिडकीशी धरली, पाणी पाण्यासारखं. मग १८९२ साली सयाजीराव महाराजांनी अजवा तलावाचं पाणी शहरात आणलं तिथपासून तुम्ही सुरुवात केलीत. स्वयंपाक राहिला तो राहिलाच, पण ऐकायला छान वाटलं.

पाणी झालं, वाळू धुऊन पसरली, एअर पंप लागला, बुडबुडे सुरू झाले. आणि तुम्ही शांतपणे सांगितलंत, "आता महिनाभर मासे नाहीत." पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

का नाहीत, हे तुम्ही त्याला ज्या पद्धतीनं सांगितलंत, त्यासाठी खरं तर हे पत्र. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत कुठे जाणार? नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पण तेही विषच. रक्त तपकिरी पडतं, पाण्यात प्राणवायू असूनही मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बेतात असलं तर माशाला चालतं आणि वनस्पतींना हवंच असतं. तुमच्या जुन्या वहीत या दुसऱ्यांचं नाव नायट्रोबॅक्टर होतं. ते खोडून तुम्ही शेजारी नायट्रोस्पायरा लिहिलंय. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती टाक्यांमधले जिवाणू तपासले गेले, तेव्हा हे काम करणारे नायट्रोस्पायरा निघाले. निवृत्तीनंतर स्वतःच्या वहीत दुरुस्ती करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

हे जिवाणू काचेवर, वाळूवर, स्पंजावर धरायला एरवी चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही तुमच्या टाकीतल्या फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज ओल्या पिशवीतून आणलात आणि पोराला तो आमच्या पाण्यात पिळायला लावलात. मला शिसारी आली. "अगं, विरजण आहे ते," तुम्ही म्हणालात. मग रिकाम्या टाकीला रोज चिमूटभर खाद्य, ते कुजून अमोनिया होण्यासाठी. पाहुणे विचारायचे, मासे कुठेत? पोरगा ऐटीत सांगायचा, "अजून जिवाणू येताहेत."

मध्येच पाणी दुधासारखं गढूळ झालं. मी बादली घेऊन उभीच होते. तुम्ही दारातूनच ओरडलात, "हात लावू नकोस, आपोआप निवळेल." निवळलं. जानेवारीतल्या थंडीत जिवाणू सुस्तावतात म्हणून ५० वॉटचा हीटर लावून पाणी २७ अंशांवर ठेवायला लावलंत. माझा जीव विजेच्या बिलात, तुमचा नायट्राइटमध्ये. चाचणीच्या बाटलीतला अमोनियाचा हिरवा रंग हळूहळू उतरत गेला, तसा नायट्राइटचा जांभळा चढला. तो इतके दिवस हटेना की पोरानं कॅलेंडरवर जांभळ्या खडूनं चौकोन रंगवायला घेतले.

या सगळ्यात तुम्ही टाकीला एकदाही हात लावला नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून यायचात, हात पाठीमागे बांधून उभे राहायचात आणि थेंब मोजणं, पाणी काढणं, लिहिणं, सगळं अकरा वर्षांच्या पोराकडून करून घ्यायचात. त्याच्याकडून पाणी सांडलं तर मी रागवायचे. तुम्ही लादी पुसायचं फडकं त्याच्याच हातात द्यायचात. शाळेच्या प्रयोगाच्या वहीत काय शिकला देव जाणे, पण या महिन्यात वाट बघत नोंद ठेवायला तो शिकला, आणि ते मला त्याला शिकवता आलं नव्हतं.

शेवटी रात्री खाद्य टाकून सकाळी तपासलं, तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. अर्धं पाणी बदललं, म्हणजे साठलेलं नायट्रेट कमी झालं. गोल्डफिश तुम्ही आधीच मोडीत काढला होता, वाढतो मोठा आणि घाण करतो फार. त्याऐवजी सहा झेब्रा डॅनिओ. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेकाठच्या माशांमध्ये ज्याचं वर्णन केलं तोच हा, म्हणजे घरचाच, काटक आणि थव्यानं राहणारा. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग वाटीवाटीनं टाकीचं पाणी तिच्यात घातलं, मासे जाळीनं उचलले आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. दिवा त्या संध्याकाळी लावलाच नाही.

काका, मनापासून आभार. सहाही मासे ठणठणीत आहेत. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळतो, नळाखाली धरत नाही. मे महिन्यात ४२ अंश झाल्यावर काय करायचं ते मात्र तुमच्या पुण्याच्या मुक्कामाआधी सांगून जा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, एवढं पोरानं पाठ केलंय. गोठवलेल्या बाटल्या सोडू का, असं विचारतोय. आणि हो, त्याला आता गप्पीही हवेत. ते तुमचं तुम्ही बघा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची