इस्पितळातील समाजसेवकांचे प्रशिक्षण ड्युटीत धरा

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,

सादर नमस्कार.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, 2021 ने वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांना आरोग्य व्यावसायिकांत गणले. नाव लागले, आता शिकत राहण्याची सोयही लागावी.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलीच्या आईवडिलांना वॉर्डात आजही कुणीतरी ‘केस होईल’ म्हणून घाबरवते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 115 सांगते, की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, शिक्षा करायची नाही. 1 जुलै 2024 पासून तर भारतीय दंड संहितेतले, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम 309 च उरलेले नाही. मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद होते, ती वेगळी. हा फरक दोन वाक्यांत सांगता आला नाही, तर घरचे ‘चुकून औषध घेतले’ असे लिहून देतात आणि मुलगी मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोचतच नाही.

कायदा व्याख्यानात कळेल, डिस्चार्जचे नियोजन नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरीच्या बाईला वाळपईकडच्या वाड्यावर पाठवायचे, तर पायऱ्या किती, संडास कसला, रात्री उठवणार कोण, टाके काढायला गाडी कुणाची, हे भरतीच्या पहिल्या दोन दिवसांतच विचारायचे असते. शेवटच्या सकाळी विचारले की खाट अडते, किंवा बाई बेडसोर घेऊन परत येते. आणि सून शेजारी उभी असताना ‘घरी काळजी घेतात ना?’ विचारले, तर उत्तर ‘हो’च येणार! ही नजर फाइल पुढ्यात ठेवून, जाणत्याने टोकल्यावर येते.

म्हणून प्रत्येकाला प्रशिक्षणासाठी वर्षाला 20 तास द्या. त्यातले 12 दरमहा एक तास केसचर्चेचे: सहा-आठ जणांचा गट, रुग्णाचे नाव झाकलेली फाइल, मनोविकाराच्या केसेसना बांबोळीच्या सरकारी मनोविकार इस्पितळाचे अनुभवी मनोविकार समाजसेवक. उरलेले 8 तास दोन अर्ध्या दिवसांत, कायदे, दीनदयाळ ही राज्याची आरोग्य विमा योजना आणि दिव्यांग दाखला यांसाठी. केसचर्चेचा पर्यवेक्षक मात्र आमचा गोपनीय अहवाल लिहिणारा वरिष्ठ नको. तसा असला, तर अडलेली केस कुणी मांडणार नाही, जमलेल्याच मांडतील.

वॉर्डात बदली माणूस नसला, की प्रशिक्षणाला आलेला समाजसेवक फोन कानाला लावून दाराबाहेरच असतो. बदली माणूस आदेशातच नेमा. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा पगार कापला जाऊ नये म्हणून ‘ड्युटी’ हा शब्दही त्यात हवा. चर्चा म्हापसा आणि मडगावला ठेवल्या, तर पेडणे-काणकोणच्यांची बांबोळीची खेप वाचेल.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे त्याच दिवशी जेवणाआधी आणि जेवणानंतर भरून घेतलेल्या एकाच प्रश्नपत्रिकेने कळत नाही. सहा महिन्यांनी प्रत्येकाच्या पाच फायली काढाव्यात: डिस्चार्जचे नियोजन कोणत्या तारखेला सुरू झाले, घरी गेल्यावर फोन झाला का. एवढे तपासायला अर्धा दिवस पुरतो.

आपले,
गोव्यातील इस्पितळांतले समाजसेवक