गणपतीआधी घर उरकायची घाई

मा. संपादक,

गावचे जुने घर दुरुस्त करून घेणाऱ्या चाकरमान्यांची संख्या कोकणात वाढते आहे. त्यातल्या बहुतेकांचे हे घराचे पहिलेच बांधकाम असते, आणि चुकाही त्याच त्या होतात. काम मेच्या सुट्टीत काढायचे, गणपतीआधी उरकायचे, आणि ठेकेदार म्हणेल तिथे सिमेंट ओतायचे. जांभ्याच्या, चुन्यामातीत बांधलेल्या कौलारू घराला यातली एकही गोष्ट मानवत नाही.

मेच्या मध्यावर कौले उतरवली तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस उघड्या वाशांवर येतो. छपराचे काम दिवाळीनंतर काढून मार्चपर्यंत संपवावे. त्याआधीचा पावसाळा घर नुसते बघण्यात घालवावा. भिंतीवर ओल कुठवर चढते तिथे खडूने रेघ मारून तारीख घालावी. वरून खाली उतरणारी ओल कोन्यांची (छपराच्या कण्यावरच्या कौलांची) किंवा पन्हळीच्या पत्र्याची, जमिनीपासून दोन-तीन फूट चढणारी जोत्याची. संशय असेल तिथे फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावा. आतून घाम आला तर पाणी भिंतीतले, बाहेरून आला तर हवेतले.

जोत्याची ओल पुष्कळदा अंगणाने आणलेली असते. अंगणात काँक्रीट आणि वर पेव्हर ब्लॉक टाकले की अंगण सहा-आठ इंच वर येते, जोते गाडले जाते, आणि पागोळ्या थेट भिंतीवर उडतात. अंगण उतरवून जोते निदान फूटभर उघडे करावे, घरापासून बाहेर चार फुटांना एक इंच उतार द्यावा. निम्म्या घरांत एवढ्यावर काम भागते. पण हे खोदकाम फोटोत दिसत नाही, म्हणून कोणाला नको असते.

ओल दिसली की गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवतो. जांभा सच्छिद्र. त्यात शिरलेले पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर उडून जाते, सिमेंटमधून जात नाही. मग ते आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात, खार फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊन सुटतो. वर प्लास्टिक पेंट असेल तर त्याआधीच.

चुन्याचे काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. कळीचा (भट्टीतला, न विरवलेला) चुना पाण्यात टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये, उसळून डोळ्यांत जातो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान पंधरा दिवस, जमल्यास महिनाभर ठेवावा. आतल्या गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग नदीची वाळू. बाहेरून एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. फुटक्या कौलांचा चुरा बारीक चाळला की सुरखी घरचीच. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असते. जुन्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) इंचभर खरवडून, भिंत भिजवून, अर्ध्या इंचाहून जाड नाही असे दोन थर द्यावेत आणि ओल्या गोणपाटाने दहा दिवस झाकावे. उन्हात वाळला तर तडकतो. पिशवीतला तयार चुना चालतो, पण ताजा हवा. वर्षभर पडून राहिलेली पिशवी म्हणजे नुसती पांढरी भुकटी.

छपराबाबत सगळ्यांत महाग चूक म्हणजे जुन्या भिंतींवर स्लॅब. मंगळुरी कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे चाळीसेक किलो. चार इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलो, वर गळती थांबवायला कोबा वेगळा. मातीत रचलेला चिरा हे पेलायला बांधलेलाच नव्हता.

कौले उतरवली की एकेक बोटाने वाजवून बघावे. चांगले टण्ण वाजते, तडा गेलेले बद्द. उतरवताना शंभरातली दहा-पंधरा जातील असे धरून जादा जमवावीत, पण एका पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) एकाच कारखान्याची, नाहीतर खाचा बसत नाहीत. कौलाखाली छोटे भोक असलेली एक कडी असते. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौले तिच्यातून तांब्याच्या तारेने रिपांना बांधावीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत छपरे उडवली, तरी हे दोन दिवसांचे काम अजून टाळले जाते.

लाकूड पारखायला दाभण पुरतो. वासे आणि तुळया भिंतीत रुततात तिथेच आधी कुजतात. दाभण लोण्यात गेल्यासारखा शिरला तर तेवढे टोक कापून त्या जागी नवे लाकूड दोन फूट सांधा घेऊन बोल्टने जोडावे. पूर्ण सागवान बदलायला सांगणाऱ्याकडून कारण विचारावे. मातीचे बोगदे म्हणजे वाळवी, खाली पिठासारखा ढीग म्हणजे भुंगा. दोघांचे औषध वेगळे. वाळवीसाठी जमीन-भिंतीच्या सांध्यात फूटभर अंतराने अर्ध्या इंचाची भोके पाडून औषध सोडतात, पण विहीर जवळ असेल तर औषधवाल्याला ती आधी दाखवावी.

वायरिंग मात्र जुने काहीच ठेवू नये. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटरची तार, नवे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच.

आणि कौल उतरवण्याआधी घर कोणाकोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढून बघावा. घर चुलत्यांसह सामाईक असते, आणि संमती मागायची आठवण भिंत पाडल्यावर येते.

जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकणाऱ्यांना चुन्याचा प्रत्यक्ष सराव मिळावा, ही आमची मागणी आहे. चुना हाताळलेले गवंडी आता साठीच्या पुढचे आहेत.

— जुन्या घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे दोघे, रत्नागिरी