थर्मोस्टॅट काढून टाकू नका

मा. संपादक,

उन्हाळी सुट्टी लागली की पसरणी घाटात महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या बोनेट उघडून उभ्या दिसतात. घाटाच्या पायथ्याला, वाईत, माझे ३१ वर्षांपासून गॅरेज आहे. तापलेली गाडी घेऊन येणाऱ्यांची मागणी बहुधा ठरलेली असते : ‘थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाका, म्हणजे गाडी तापायचीच नाही.’ हा वॉल म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची झडप.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात मीही तो सर्रास काढत असे. त्या इंजिनांचे निभून जाई. आताच्या गाड्यांचे निभत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात पाचगणीच्या एका शिक्षकांची पेट्रोल गाडी आली. ॲव्हरेज १६ वरून ११ वर आलेले, चेक इंजिनचा दिवा पेटलेला. दुसरीकडे दोनदा सेन्सर बदलून झाला होता. स्कॅनर लावला तर पी-०१२८ हा बिघाडाचा कोड, म्हणजे कूलंट (इंजिनात फिरणारे, त्याला गार ठेवणारे द्रव) हवे तेवढे तापतच नाही. थर्मोस्टॅटचे हाउसिंग उघडले, आत वॉलच नव्हता. ऑइल तपासायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास, ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर.

इंजिन थंड असेतो हा वॉल कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. तो नसला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरते तापत नाही. पेट्रोल किती सोडायचे हे ठरवताना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, कूलंटचे तापमान बघतो. आकडा ६० च्या आसपास रेंगाळला की इंजिन अजून थंडच आहे असे धरून तो पेट्रोल जास्त सोडतो. न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगे झिजतात. बीएस-६ डिझेल गाड्यांत तर काजळीचा फिल्टर असतो. इंजिन पुरेसे गरम नसेल तर काजळी जाळायचे काम सुरूच होत नाही आणि फिल्टर तुंबतो.

मुळात वॉल काढण्याआधी शिक्षकांची ती गाडी तापत होती ती बोअरच्या पाण्याने. वर्षानुवर्षे तेच ओतल्याने रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अर्ध्याअधिक बंद झाल्या होत्या, झाकणाचे रबरही गेले होते. झाकण दाब धरते म्हणून कूलंट १०० च्या वर जाऊनही उकळत नाही. ते सैल असेल तर घाटात उकळी फुटणारच. मी रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट आणि ऑइल बदलले, तयार कूलंट भरले आणि स्कॅनर लावूनच पाचगणीला जाऊन आलो. कूलंट चढावर ९६ अंश, उतारावर ८८.

त्या शिक्षकांचा यात काही दोष नाही. त्यांना कळणार तरी कसे? त्यांच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. गाडी थंड असताना निळा दिवा लागतो आणि अति तापल्यावर लाल. निळा दिवा बऱ्याच गाड्यांत ५०-६० अंशांनाच विझतो, म्हणून ६० वर अडकलेली गाडी मालकाला ठणठणीत वाटते. आणि लाल दिवा लागल्यावर चार किलोमीटर जरी रेटली तरी ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते. पूर्वी स्वस्तातल्या गाडीतही काटा असे. सेन्सर तर प्रत्येक गाडीत आहेच. त्याचा आकडा समोर दाखवायला कंपन्यांना असा कितीसा खर्च येणार आहे? तो त्यांनी प्रत्येक मॉडेलमध्ये द्यावा, आणि माझ्या गॅरेजवाल्या बांधवांनी वॉल काढायच्या आधी रेडिएटर उघडून बघावा, एवढी विनंती.

— एक गॅरेजचालक, वाई (जि. सातारा)