तो रंग पुसू नकोस

पुणे, ९ जानेवारी

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि अण्णांच्या कपाटातले तीन फोटो काल पोचले. वर्तमानपत्राच्या या जुन्या फोटोंवर कोणीतरी पांढरा-करडा रंग फासला आहे, तो ओल्या कापसाने पुसून काढावा का, असे तू विचारतोस. कृपा करून पुसू नकोस. हा रंग बहुधा पाण्यात कालवलेला असतो. कापूस एकदा फिरला की तो कायमचा गेला, आणि त्या फोटोचे छपाईपर्यंत काय झाले याचा पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

कुस्तीचा फोटो भिंगाखाली धर. उजवीकडच्या मल्लाच्या खांद्यापासून कोपरापर्यंत केसाएवढी पांढरी रेघ ओढलेली आहे, मागच्या गर्दीवर करड्या रंगाचा पातळ हात दिला आहे आणि कडेला लाल पेन्सिलीने कापायच्या खुणा आहेत. ही हौस नव्हती. छपाईचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करताना फोटो जाळीतून पुन्हा टिपत आणि त्याचे लहानमोठे ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरत. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी झोपडवस्तीचे दृश्य छापले, तेव्हापासून वर्तमानपत्रांत हाफटोनची, म्हणजे अशा ठिपक्यांतून फोटो छापण्याची, वाट सुरू झाली. वर्तमानपत्राचा कागद मात्र खरखरीत, म्हणून जाळीही जाड, इंचाला साधारण ६५ रेषांची. त्यात शाई पसरे, जवळजवळच्या दोन करड्या छटा एक होत आणि मल्लाचा खांदा गर्दीत बुडून जाई. तो बुडू नये म्हणून रिटचरने, म्हणजे छपाईआधी फोटोवर रंगाचा हात फिरवणाऱ्या कारागिराने, ती रेघ ओढली. ज्या हाताला छापल्यावर काय हरवणार हे आधीच दिसत होते, त्या हाताबद्दल मला फार आदर वाटतो.

त्याच कसबाने खोटेपणाही केला, हे नाकारता येत नाही. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्याच ‘ईव्हनिंग ग्राफिक’ने, जिथे कॅमेरा पोचलाच नव्हता अशा प्रसंगांची जुळवलेली चित्रे बेधडक छापली. मला मात्र सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देईचा फोटो अधिक अस्वस्थ करतो. २ मे १९४५ रोजी बर्लिनमध्ये राइशस्टाग या जर्मन संसदेच्या इमारतीवर सोव्हिएत झेंडा लावणाऱ्या सैनिकाला खालून आधार देणाऱ्या सहकाऱ्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीचा संशय येईल म्हणून खाल्देईने सुईने एक घड्याळ खरवडून काढले, आणि १३ मे रोजी ‘ओगोन्योक’ या सोव्हिएत नियतकालिकात फोटो छापला गेला तो त्या घड्याळाविना. पुढे आकाशात धूरही वाढवला गेला. धुरापेक्षा मला ते घड्याळ मोठे वाटते, कारण धुराने देखावा गडद झाला, तर घड्याळ जाताच त्या माणसाविषयीची एक खरी गोष्ट नाहीशी झाली. आज आपल्याला ती कळते, कारण खरवडण्याआधीचे रूपही पाहायला मिळते.

अण्णांच्या फोटोंत रेघ कोणती आणि खाडाखोड कोणती, हे तो रंग जागेवर राहिला तरच उद्या कोणाला सांगता येईल. म्हणून फोटो एकमेकांवर ठेवू नकोस; प्रत्येकाला साध्या कागदाचे वेगळे पाकीट कर आणि दोन्ही बाजू स्कॅन कर. कुस्तीच्या फोटोमागे ‘२ कॉलम’ लिहिले आहे, त्याखालचे अक्षर मला लागत नाही. ते अण्णांचेच आहे का, एवढे वहिनींना विचारून कळव.

तुझा,
विनायक