विषय: ३०० टीशर्टांवरून गायब झालेला अनुस्वार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते)

काल दुपारी पावणेचारला तुमच्या माणसानं मला मार्कर पेन विकत घ्यायला सांगितलं. म्हणून हे पत्र.

ऑर्डर क्रमांक तुमच्याकडं आहे. अकरा फोनमध्ये अकरा वेळा सांगितलाय, आता झोपेतनं उठवलं तरी म्हणून दाखवीन. १८ मार्चची ऑर्डर. ३०० टीशर्ट, सुती, १८० जीएसएम, स्क्रीन प्रिंट, त्यातले १२० लहान मुलांच्या मापाचे. १०० टोप्या. ३०० सुती हेडसॉक, म्हणजे हेल्मेटच्या आत घालायचे. ते काय असतात हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्या कॅटलॉगमध्ये 'मोटरस्पोर्ट' असं वेगळं पानच आहे आणि त्यावर हेल्मेट घातलेला माणूस हसतोय (हेल्मेटमधनं हसू कसं दिसतं ते तुमच्या फोटोग्राफरला माहीत). सगळं मिळून १,११,५०० रुपये, वर जीएसटी. निम्मे ऑर्डर देताना, निम्मे माल निघायच्या आधी. पैसे घेताना एकही ठिपका इकडचा तिकडं झाला नाही, हे नमूद करतो.

माल २० एप्रिलला यायचा होता. ९ मेला आला. उशिराबद्दल मी भांडलो नाही. भांडायला हवं होतं.

आता टीशर्ट. कोल्हापूरच्या बाहेर आमचा छोटा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. उघडा डांबरी ट्रॅक, आठ गाड्या, १९६ सीसीची इंजिनं. तावडे हॉटेलपाशी होर्डिंग लावायचं तर महिना संपला की भाडं संपतं आणि फोटो बदलतो. टीशर्ट मात्र पोरगं फाटेपर्यंत घालतं. शिकवणीला घालतं, रंकाळ्यावर भेळ खायला घालून जातं, गल्लीत क्रिकेट खेळताना घालतं. आणि आमचा टीशर्ट विकत मिळत नाही, वेगवान लॅप मारेल त्यालाच मिळतो. त्यामुळं तो अंगावर दिसला की दुसरं पोरगं विचारतं, "कुठनं आणलास?" एवढीच आमची जाहिरात. त्यासाठी टीशर्टावर असं काहीतरी लिहिलेलं पाहिजे की समोरचा वाचून हसला पाहिजे.

ते वाक्य माझ्या मुलीनं काढलं: 'हे कार्टं ट्रॅकवर सापडेल'.

कार्टं. ट वर अनुस्वार. आमच्या आईनं मला आयुष्यभर ज्या नावानं हाक मारली ते कार्टं. गाडीचं कार्ट आणि घरातलं कार्टं, सगळी गंमत त्या एका टिकलीएवढ्या ठिपक्यात आहे. सॅम्पलवर तो होता. सॅम्पल २७ मार्चला आलं, मी त्याच दिवशी मंजूर केलं, तुमच्या ईमेलला 'अप्रूव्ह्ड' असं उत्तर दिलं. ते सॅम्पल आत्ता माझ्या टेबलावर आहे. ठिपका आहे, गोल आहे, बोटाला लागतो.

९ मेला आलेल्या ३०० पैकी एकाही टीशर्टवर तो नाही. 'हे कार्ट ट्रॅकवर सापडेल.' वाचून असं वाटतं की कोणाची तरी गाडी हरवलीय आणि आम्ही सापडल्याची नोटीस काढलीय. मला आधी दिसलंच नाही. गठ्ठा फोडून पहिला टीशर्ट एका मुलीला दिला, चौथीतनं पाचवीत गेलेली. तिनं छातीवर धरला, मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "काका, इथं अनुस्वार राहिलाय." तुमच्या क्वालिटी टीमनं जे पाहिलं नाही ते तिनं चप्पल घालता घालता पाहिलं.

त्यानंतर फोन. मराठीसाठी ३ दाबा. दाबला. हिंदी आली. असो. पहिल्या दहा फोनचं सांगत बसत नाही, 'आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हे ऐकून ऐकून माझ्या मुलीनं त्या संगीतावर नाच बसवलाय. कालच्या फोनचं मात्र सगळं लिहितो, कारण कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सांगता. ऐका एकदा.

काल मराठी बोलणारा माणूस मिळाला. मला बरं वाटलं. मी नीट, आवाज न चढवता सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमचं कार्ट आहे ना? कार्टवर काय विकता? फूड आयटम?"

मी म्हटलं, गो-कार्ट. शर्यतीची गाडी. सेना, शूमाकर, हॅमिल्टन याच गाडीतनं सुरुवात करून वर गेले. आमच्या गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत गाडी चालवून आला.

"ओके सर, म्हणजे फूड नाही."

नाही.

"ओके सर. तर इश्यू स्पेलिंगचा आहे."

स्पेलिंगचा नाही, तुम्ही मंजूर आर्टवर्कमधला अनुस्वार काढलाय त्याचा आहे.

तो थांबला. टायपिंगचा आवाज आला. मग मला होल्डवर टाकलं. सात मिनिटं. परत आला आणि म्हणाला, "सर, डिझाइन टीमशी बोललो. बल्कला घेण्याआधी आर्टवर्क क्लीन करतात. त्यात बारीक डॉट्स असतात ते डस्ट म्हणून रिमूव्ह होतात."

धूळ. आमच्या भाषेतला अनुस्वार तुमच्याकडं धूळ म्हणून झटकला गेला. मी विचारलं, मग त्याच ओळीतल्या ट्रॅकवरचा अर्धचंद्र कसा राहिला? तो म्हणाला, "तो मोठा आहे ना सर."

मी विचारलं, आता काय करणार?

"सर, एक डॉटच आहे. लोक टीशर्टवर लोगो बघतात, लँग्वेज कोण बघतंय? आणि तुम्हाला पाहिजेच असेल तर फॅब्रिक मार्कर मिळतो ऑनलाइन. ब्लॅक. तुम्ही तुमच्या साइडनं डॉट देऊ शकता."

मी म्हटलं, ३०० टीशर्टांवर?

"हो सर. क्विक होतं ते. एक सेकंद पर पीस."

पर पीस! त्यानं हिशेब पण केला होता, बघा. मी गप्प झालो. खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा त्यानं सोयीचा अर्थ लावला आणि विचारलं, "सर, आणखी काही मदत करू शकतो का?"

माझा राग त्या पोरावर नाही. त्याला जे दिलं तेच तो वाचत असणार. पण ज्यानं त्याला मार्कर हा उपाय म्हणून दिला तो माणूस तुमच्या ऑफिसात पगार घेतोय, आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे.

दुसरं. हेडसॉक आलेच नाहीत. त्याऐवजी ३०० लेस आल्या. आयडी कार्डला असते तशी गळ्यातली लेस, त्यावर आमचा लोगो. सोबत चिठ्ठी: 'स्टॉक उपलब्ध नसल्याने समान किमतीची वस्तू पाठवत आहोत.' तुमच्या मोटरस्पोर्ट पानावाल्या लोकांनी हे करावं? कार्टचा मागचा अ‍ॅक्सल सीटच्या मागं उघडा फिरत असतो. लोंबणारी वस्तू त्यात गेली की ती माणसासकट ओढली जाते. आमच्या गेटवर हातभर अक्षरात पाटी आहे: ओढणी, मफलर, गळ्यातली लेस, मोकळे केस आधी आवरा, मग गाडीत बसा. त्या पाटीखाली उभं राहून मी आमच्याच नावाची लेस वाटायची? म्हणजे गेटवर द्यायची आणि दहा पावलांवर काढून घ्यायची?

हेडसॉक नसल्यानं काय झालं तेही ऐका. मे महिना, भाड्याची हेल्मेटं, एका हेल्मेटात एकामागनं एक डोकी. प्रत्येकाला स्वच्छ हेडसॉक द्यायचा, तो त्यानं घरी न्यायचा, त्यावर आमचं नाव, असा बेत होता. शेवटी गांधीनगरातनं साधे सुती रुमाल ठोक भावात आणले आणि महिनाभर पोरांच्या डोक्याला बांधले. पोरं दहीहंडीला निघाल्यासारखी दिसत होती. आणि फुकटची जाहिरात कोणाची झाली? रुमालवाल्याची.

बाकीचं थोडक्यात. स्क्रीन प्रिंट सांगितलं होतं, आलंय ते फिल्मवरनं इस्त्रीनं चिकटवलेलं. छातीवर प्लॅस्टिकचा कागद लावल्यासारखं होतं, घाम आत राहतो. बायकोनं एक धुऊन बघितला, तिसऱ्या धुण्याला 'सापडेल'मधल्या 'ल'ला तडे गेले. मुलांची मापं १२० पैकी ७० आली, उरलेली ५० मोठ्यांची, आठ वर्षांच्या मुलाला गुडघ्यापर्यंत येतात. टोप्या उत्तम आहेत. शिलाई पक्की, रंग बरोबर. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर म्हणाल माणूस नुसता भांडायला बसलाय.

माल परत न्या म्हटलं तर 'तुमच्या पिनकोडला रिव्हर्स पिकअप नाही'. माल द्यायला कोल्हापूर सापडतं, न्यायला सापडत नाही.

आणि परत सांगतो, अनुस्वार मंजूर सॅम्पलवर होता. हे माझ्या प्रत्येक ईमेलमध्ये आहे आणि तुमच्या एकाही उत्तरात नाही.

सहाव्या फोनवर एका बाईंनी मला कायदा सांगितला, की मी बिझनेस कस्टमर, ग्राहक कोर्ट मला लागू नाही. मॅडमना निरोप द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालचं स्पष्टीकरण वाचा. व्यावसायिक कामासाठी माल घेणारा ग्राहक नसतो हे खरं, पण फक्त स्वयंरोजगारातनं पोट भरण्यासाठी घेतलेला माल त्या 'व्यावसायिक' शब्दात धरत नाहीत. ट्रॅक मी आणि बायको चालवतो, आमचं घर त्यावरच आहे. तुम्हाला वाद घालायचा असेल तर ग्राहक आयोगापुढं घाला. तक्रार मी राहतो तिथंच करता येते, म्हणजे कोल्हापुरात, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद कालच केली. हायकोर्टाचं सर्किट बेंच यावं म्हणून हे गाव चाळीस वर्षं भांडलं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये घेऊन बसलं. एका अनुस्वारासाठी आम्ही किती दिवस भांडू शकतो याचा अंदाज घ्या.

खरं तर मला माझाच राग जास्त येतो. उद्यमनगरातला ओळखीचा प्रिंटर मार्चमध्येच म्हणाला होता, "बाहेर कशाला जाताय?" तो पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीमच्या जर्सी छापतो. शाहू स्टेडियमवर मॅच असताना जर्सीचा रंग एक छटा जरी चुकला तरी तालमीची पोरं दुकानासमोर येऊन उभी राहतात, त्यामुळं त्याला ठिपक्याची किंमत कळते. मी त्याला सोडून तुमच्याकडं आलो. का? तर मोठी कंपनी, नाव आहे, आमच्या ट्रॅकचंही नाव होईल. तुमच्या दोन टोप्या मी स्वतः तीन वर्षं वापरल्यात. माणसं उगाच भाळत नाहीत.

आता सुट्टी संपली. शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, ट्रॅक ओला आहे. ज्या दीड महिन्यासाठी हे सगळं मागवलं होतं तो गेला, तो काही तुम्ही कुरिअरनं पाठवू शकत नाही.

हे पाठवू शकता: ३०० टीशर्ट, मंजूर सॅम्पलप्रमाणे, स्क्रीन प्रिंट, मापं ऑर्डरप्रमाणे. हेडसॉकचे १८,००० रुपये जीएसटीसकट परत. लेसचे गठ्ठे तुमच्या खर्चानं उचलणे. पंधरा दिवस देतो. आणि उत्तर लिहिणाऱ्यानं मराठीतच लिहावं, ठिपक्यांसह.

आपला (अजून तरी),
ट्रॅकचा मालक, कोल्हापूर

ता. क.: लेस न्यायला जो माणूस पाठवाल त्याच्या गळ्यात कंपनीच्या आयडी कार्डची लेस असणारच. त्याला म्हणावं, गेटवर काढून ठेव आणि मगच आत ये.