तेराव्यानंतरचे दुःख

महोदय,

घरात मृत्यू झाला की तेराव्यापर्यंत नातेवाइकांचा राबता असतो. त्यानंतर मात्र दुःखातल्या माणसाने आता सावरावे अशी अपेक्षा सुरू होते आणि नेमके तेव्हाच त्याला बोलण्यासाठी कोणी उरत नाही. अशा वेळी समुपदेशनाचा मोठा उपयोग होतो, हे आपल्याकडे पुरेसे मान्य झालेले नाही. समुपदेशक दुःख विसरायला लावत नाही. मृत्यूची हकीकत पुन्हा पुन्हा सांगू देणे, टाळले जाणारे कपाट किंवा रुग्णालयाचा रस्ता यांना हळूहळू सामोरे जायला मदत करणे, ‘वेळेवर नेले असते तर’ हा अपराधभाव तपासून पाहणे आणि त्याचबरोबर बँकेची कामे, एकट्यापुरता स्वयंपाक अशा नव्या दिनक्रमाची घडी बसवणे, असे हे काम असते. निवृत्ती किंवा घटस्फोटानंतरचे रितेपणही याच वाटेने हाताळता येते.

प्रत्येक शोकाला उपचार लागत नाहीत. बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने सावरतात. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून दैनंदिन जगणे अडवणाऱ्या तीव्र शोकाची जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता स्वतंत्र नोंद आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरून मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन देणारी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. ग्रामपंचायती व महापालिकांनी मृत्यूच्या दाखल्यासोबत हा क्रमांक छापून द्यावा. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज भासू नये.

– एक वाचक, सातारा