मराठी चित्रपटाला संध्याकाळचा खेळ द्या

महोदय,

नव्या मराठी चित्रपटांना सांगलीत मिळणाऱ्या वेळा पाहून संताप येतो. मध्यंतरी एका चांगल्या मराठी चित्रपटाला इथल्या मल्टिप्लेक्समध्ये एकच खेळ होता, तोही भर दुपारी. त्या वेळी मार्केट यार्डातला हमाल, पेठेतला दुकानदार, बँकेतला कारकून कामावर असतो. थिएटर रिकामे राहते, आठवड्यात चित्रपट उतरतो आणि वर बोल प्रेक्षकालाच! त्याच आठवड्यात एका दाक्षिणात्य चित्रपटाच्या हिंदी रिमेकला संध्याकाळचे, रात्रीचे सगळे खेळ. मूळ चित्रपट तर डब होऊन निम्म्या गावाने आधीच मोबाइलवर पाहिलेला.

रिमेकला माझा विरोध नाही. पण करमाळ्याच्या मातीतला ‘सैराट’ (२०१६) दोन वर्षांनी ‘धडक’ होऊन उदयपूरला गेला, तेव्हा ‘झिंगाट’ हिंदीत आले. जातीची ती धग मात्र आली नाही. असे अस्सल मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर, भरल्या थिएटरात, शिट्ट्यांच्या गजरातच पाहावेत. पॉपकॉर्नचे दर सोसू एक वेळ.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले ते याच नाट्यपंढरीत. इथे रसिकांची वाण कधीच नव्हती. चित्रपटगृहचालकांनी प्रत्येक नव्या मराठी चित्रपटाला पहिल्या आठवड्यात सहानंतरचा एक तरी खेळ द्यावा. तिकीट थोडे कमी ठेवले, तर कुपवाड एमआयडीसीतले कामगारही शिफ्ट सुटल्यावर कुटुंबासह येतील.

– एक चित्रपटप्रेमी, विश्रामबाग, सांगली